दमणीचा नवा आस

मी तेव्हा देवी टोचायच्या कामावर होतो. मुक्काम कल्याणला आणि फिरती खडवलीच्या बाजूच्या खेड्यांतून. आगगाडी त्या बाजूला जायची खरी, पण रुळांपासून दोन-तीन कोस आत शिरायचं तर बैलांची दमणीच हवी. आमची दमणी छपराची, हलकी होती. तिचा गाडीवान माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला मामा म्हणायचो आणि मी डाक्तर नसतानाही तो मला डाक्तर म्हणायचा.

त्या दिवसांतलं कुठलं गाव आधी आणि कुठलं नंतर, हे मला आता सांगता येत नाही. माघातल्या सकाळी असायच्या. नदीवरचं धुकं शेतांत उतरलेलं, वालाच्या फुलांचा ओलसर वास, बैलांच्या पाठीवरून निघणारी वाफ. लशीची पेटी मांडीवर घेऊन मी बसायचो आणि दमणीच्या डुलण्याने डोळे मिटत जायचे. जागा कुठवर होतो आणि झोप कुठून लागली, त्याचा पत्ता लागायचा नाही.

त्या झोपेत एक आवाज शिरला.

पौषात एका ओढ्यात दमणीचा आस मोडला होता. दोन चाकांमधला तो जाड लाकडी दांडा मामाने बारा वर्षं वापरलेला. सुताराने त्याच्या जागी एका मोडीत निघालेल्या शिग्रामाचा, म्हणजे जुन्या घोडागाडीचा, लोखंडी आस बसवून दिला. मामा भलता खूश होता. "आता हा माझ्यामागंसुद्धा टिकंल," म्हणाला. पण आठवडाभरात माझ्या बसण्याच्या जागेखाली खडखड सुरू झाली. सपाटीवर बारीक, आणि उतार लागला की अशी, की पितळेची भांडी भरलेली पेटी कुणी जिन्यावरून सोडून द्यावी.

मी झोपेत ती खडखड कशाकशात मिसळायचो! कधी मी लहान असायचो आणि आई फडताळ लावत असायची. कधी मी होडीत असायचो आणि तळाशी गोटे घरंगळत असायचे. जाग आली की समोर तेच धुकं आणि मामाची ताठ पाठ.

गाडी थांबवून आम्ही शोधायचो. मी कोट काढून खाली शिरायचो. मामा चाकाची खीळ बघायचा, एकेक आरा हाताने हलवायचा, खाली टांगलेला कंदील आणि वंगणाचा नळा काढून ठेवायचा. सगळं घट्ट. पुन्हा निघालो की पुन्हा खडखड.

"तुझ्या पेटीतल्या बाटल्या वाजतात रे डाक्तर," एकदा तो चिडून म्हणाला.

मी पेटी मांडीवरून उचलून छातीशी धरली. आवाज तसाच आला. मामाने बैल हाकलले. आस बसवताना तो स्वतः सुताराच्या शेजारी उभा होता, हे त्याला खात होतं.

आवाज नुसता कानाला त्रास देता, तर चाललं असतं. पण गावं तो ओळखायला लागली. आमची खडखड टेकडीपलीकडून ऐकू गेली, की आया पोरं उचलून रानात निघून जायच्या. आम्ही पोचायचो तेव्हा चुली पेटलेल्या, पाळणे अजून हलत असलेले, आणि माणूस एक नाही. एका गावात एक म्हातारी तेवढी अंगणात बसली होती. ती मला म्हणाली, "तुझी गाडी लांबूनच सांगते बाबा, पोरं लपवा म्हणून." मी तिथल्या पारावर दुपारपर्यंत बसलो. त्या रिकाम्या गावात ऊन सरकत होतं आणि कबुतरं घुमत होती. काहीही न करता आम्ही परतलो.

त्यानंतर एका संध्याकाळी मामा बैल धुवायला कल्याणच्या बंदरावर निघाला. मीही बसलो होतो. बंदराकडे उतार आहे. दमणी खडखडत खाली आली. तिथे कळव्याचा एक म्हातारा कोळी उपडी घातलेली होडी दुरुस्त करत होता. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासत होता. त्याने मान वर केली नाही. नुसता म्हणाला, "थांब रं. परत वर ने नि परत उतर."

मामाला राग आला असावा, पण त्याने बैल वळवले. दुसऱ्या खेपेला म्हातारा उठून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला शेजारी पडलेली काठी घेऊन दमणीत चढला आणि माझ्या पायाशी पालथा पडला. तळाच्या फळ्यांच्या फटीतून त्याने काठी खाली घातली, तिचं टोक आसावर टेकवलं आणि वरचं टोक कानाशी धरलं. उतरताना त्याने डोळे मिटून घेतले होते. काठी थोडी डावीकडे सरकवली, मग आणखी थोडी.

"चाक नाय बोलत," तो म्हणाला. "आस पण नाय बोलत. त्याच्या वरचा लाकूड बोलतंय. ये, बघ."

त्याने मला काठी दिली. मी कान लावला आणि इतके दिवस सगळीकडून येणारा तो आवाज एकाच जागेतून, अगदी माझ्या डोक्यात, टक-टक वाजू लागला.

जुना आस जाड होता आणि लोखंडी बारीक. मधली पोकळी भरायला सुताराने लाकडाची फळी घातली होती, ती ओली. माघाच्या कोरड्या वाऱ्याने ती आकसली. गाडी उभी असताना भाराने दबून ती घट्ट लागायची. उतारावर बैलांनी अंग मागे रेटलं, की भार सरकून फळी वर-खाली उडायची.

मामाने खाली वाकून त्या फळीवर बोट ठेवलं. "मी इथं हात लावला होता," तो म्हणाला.

"उभ्या गाडीला लावलास ना? मग कसं कळंल?" म्हातारा सरळ म्हणाला. त्याने ती फळी काढली, आपल्या होडीच्या सामानातला जुन्या सागाचा तुकडा तासून बसवला आणि कडेने कापूस ठासला. तोवर खाडीचं पाणी चढून बैलांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

पुढच्या फेरीला आम्ही त्या अंगणातल्या म्हातारीच्या गावात शिरलो, पण कुणाला कळलं नाही. धुक्यातून एकदम विहीर समोर आली, बायका, हंडे, कडेवरची पोरं. क्षणभर सगळ्या जागच्या जागी थिजल्या. माझ्या मनात आलं, हे चोरासारखं झालं. मी दमणीतून उतरलो नाही. तिथूनच मोठ्याने म्हणालो, "मी देवी टोचायला आलोय. ज्यांना जायचं त्यांनी जावं. मी दुपारपर्यंत पारावर आहे."

बऱ्याच जणी गेल्या. एक तरुण बाई पोराला घेऊन उभी राहिली. तिचं थोरलं देवीने गेलं होतं, हे तिच्या शेजारणीने मला हळूच सांगितलं.

"दुखंल का?" तिने विचारलं.

"दुखेल. आणि दोन दिवस तापही येईल."

तिने पोराचा दंड माझ्यासमोर धरला आणि तोंड फिरवलं. मग रानात गेलेल्यांपैकी तीन-चार जणी झाडांआडून परत आल्या.

आठव्या दिवशी टोचल्या जागी फोड नीट आलाय का ते बघायला गेलो, तेव्हा ती तरुण बाई पारावर माझ्या आधी येऊन बसली होती. पोराच्या दंडावरचं फडकं तिने स्वतःच सोडलं होतं आणि ती भोवतीच्या बायकांना फोड दाखवत होती. पोरगं तिच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत होतं.