तात्पर्य न सांगणारा विलास

फहदचा फोन आला तेव्हा मी प्लांटच्या कॅन्टीनमध्ये चहाला उभा होतो. फहद म्हणजे आमच्या कंपनीतला सौदी शिफ्ट सुपरवायझर, विलासच्या हाताखाली शिकून तयार झालेला पहिला. एरवी मोठ्याने बोलणारा हा मुलगा हळू आवाजात म्हणाला, "माधवभाई, ट्रेनिंग रूम में आओ. उस्ताद विलास नहीं रहा." मी पोचलो तोवर विलासला खुर्चीवरून उचलून खाली झोपवलं होतं आणि त्याच्या हाताखालची शिकाऊ पोरं भिंतीला टेकून उभी होती. काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. विलासने गोष्ट सांगितली, खुर्चीत बसला आणि गप्प झाला. गोष्ट संपली की तो नेहमीच असा गप्प बसायचा. तात्पर्य ऐकणाऱ्यांनी सांगायचं, हा त्याचा नियम. म्हणून एकाने तात्पर्य सांगितलं, दुसऱ्याने वेगळं सांगितलं, तिसऱ्याने त्यावर वाद घातला… आणि उस्ताद मान खाली घालून ऐकतोय, असंच सगळ्यांना वाटत राहिलं. आता महिना उलटून गेला, पण त्या खोलीतला तो वाद माझ्या डोक्यातून जात नाही. यात कुणाचीच चूक नव्हती, हे तर जास्तच छळतं.

विलास नाशिकरोडचा, मी पुण्याचा. सौदीतल्या जुबैलला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काढली. बायका-मुलं गावी आणि आम्ही दोघे भाजीत मीठ किती यावरून भांडणारे. नव्या भरतीला सुरक्षेचे धडे देण्याचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने कंपनीच्या स्लाइड बाजूला ठेवल्या आणि ग्रीसमधल्या त्या प्राचीन गोष्टीवाल्याला कामाला लावलं. कोल्हा, लांडगा, कासव, सगळे आमच्या प्लांटमध्ये भरती झाले. बंद टाकीत उतरण्याआधी परवाना लागतो, आणि आत किती गेले, बाहेर किती आले हे बघायला तोंडाशी एक माणूस उभा करावा लागतो. हे शिकवायला तो आजारी सिंहाची गोष्ट सांगे. सिंह गुहेत पडून आहे, एकेक जनावर समाचाराला आत जातंय. कोल्हा मात्र बाहेरच थांबतो, कारण आत जाणारी पावलं दिसतात, बाहेर येणारी दिसत नाहीत. अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी, मधे मोडकीतोडकी अरबी, आणि सिंह कण्हायला लागला की विलास स्वतः टेबलावर आडवा. इथे तो थांबायचा. मला ते थांबणं असह्य व्हायचं. आमच्या लहानपणी गोष्टीखाली तात्पर्य ठळक छापलेलं असे, आपण वाचून मोकळे. एकदा वैतागून म्हणालो, "अरे, सांगून टाक की." तो म्हणाला, "मी सांगितलं तर ते माझं राहतं, मध्या. त्यांनी सांगितलं तर त्यांचं होतं." फहद तेव्हा नवा होता. त्याने मागून उत्तर दिलं होतं, "उस्ताद, लोमडी ने परमिट पढा." विलास त्या दिवशी इतका खूश होता की संध्याकाळी त्याने भात करपवला.

ते सौदीकरणाचे दिवस होते. प्रत्येक कंपनीत अमुक इतके सौदी हवेतच, असा हुकूम. आणि आमच्यासारख्या परदेशी माणसांनी आपल्या खुर्चीत बसणाऱ्यालाच शिकवून तयार करायचं. मेसमध्ये एकच सल्ला चाले, सगळं शिकवू नका, हातचं राखा. मीही राखत होतो आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. विलासचं मात्र उलटं होतं. त्याला घरी जायचं होतं. नाशिकला त्याचे वडील, आप्पा, हळूहळू माणसं विसरायला लागले होते. आधी शेजारी विसरले, मग सख्खी बहीण. "मला विसरायच्या आत पोचायचंय," विलास म्हणायचा. पण इथे राजीनामा टाकला आणि निघालो, असं होत नाही. कंपनीच आपली कफील, म्हणजे जामीनदार. तिने फायनल एक्झिट लावल्याशिवाय कायमचं जाता येत नाही, आणि मॅनेजर म्हणत होता, तुझ्या जागेवर माणूस तयार झाला की लावतो. म्हणून हा जीव तोडून शिकवत होता.

एका शुक्रवारी कांदा चिरता चिरता त्याने मला सांगितलं की तो ग्रीक गोष्टीवाला म्हणे गुलाम होता, आणि त्याच्या हुशारीवर खूश होऊन मालकाने त्याला सोडून दिलं. "गोष्टींनी सुटला बघ," तो म्हणाला. मी म्हणालो, "तू मालक असतास तर असला माणूस सोडला असतास?" तो हसला. टोमणा लागला नाही असं मला वाटलं, पण भांडी घासताना आपणहून म्हणाला, "मालकावर असतं रे ते…"

फहद तयार झाला. कंट्रोल रूम एकट्याने सांभाळायला लागला. विलासने सामानाची खोकी दोरीने बांधली, आणि मॅनेजरने त्याला बोलावून शाबासकी दिली. इतक्या लवकर कुणाचीच पोरं तयार होत नाहीत, तेव्हा पुढची बॅचही तूच घे. ती झाली, मग त्याच्या पुढची. हातचं राखणारे एकेक करून घरी पाठवले गेले, माझी पाळी अजून आली नव्हती, आणि हा राहिला. मधे सुट्टीवर निघाला तेव्हा मी म्हणालो, "परत येऊच नकोस." तो म्हणाला, "सगळ्या सर्व्हिसचे पैसे बुडतात. आणि पोरीचं इंजिनिअरिंग अर्धं आहे." परत आला तो बॅग न उघडता पलंगावर बसून राहिला. आप्पांनी त्याला दारातच विचारलं होतं, पाहुणे कुठून आलात. "मी म्हटलं, जुबैलहून. तर म्हणाले, तिकडे आमचा विलास असतो. भेटला तर सांगा, वाट बघतोय." हे सांगताना तो रडला नाही, मी रडलो.

त्यानंतर त्याची घाई संपली. शिकवणं मात्र तसंच राहिलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, वाईट शिकव, कंटाळवाणं शिकव, आपोआप सोडतील. दोन दिवस त्याने प्रयत्नही केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर आडवा पडून कण्हत होता. वाईट शिकवणं त्याला येतच नव्हतं.

तो गेल्यावर सगळी धावपळ फहदने केली. मृतदेह मायदेशी न्यायचा तर त्यालाही फायनल एक्झिट लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कंपनीने तो मागितल्या दिवशीच लावला. फहद पासपोर्ट घेऊन क्वार्टरवर आला. "मैंने मॅनेजर को बोला था, उस्ताद को जाने दो," तो म्हणाला. "वो बोला, ऐसा टीचर फिर कहां मिलेगा." मी विलासच्या बायकोला, सुनीतावहिनींना, फोन करून कागद झाले एवढं कळवलं. त्या म्हणाल्या, "आप्पांना काय सांगू, भावजी? ते अजून वाट बघतायत."

पुढची बॅच माझ्याकडे दिली आहे. तीच खोली, तीच खुर्ची. मी तिच्यावर बसत नाही. स्लाइड लावतो आणि एका सुरात वाचून दाखवतो. पोरं जांभया देतात. परवा बंद टाकीच्या परवान्याचा धडा होता. वाचून झालं तरी कुणी उठेना. एकजण म्हणाला, "उस्ताद, कहानी?" ती गोष्ट मला तोंडपाठ आहे, सिंहाच्या कण्हण्यासकट. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते… "कहानी नहीं है," मी म्हणालो आणि प्रोजेक्टर बंद केला. मला घरी जायचं आहे.