अण्णांना न दिलेली फ्रेम

गिरीशचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरात, महादेवपुऱ्यात ऑटोत बसून ड्रायव्हरशी रस्त्यावरून हुज्जत घालत होते. "नंतर कर" म्हणून मी फोन ठेवला. त्यानं लगेच परत केला आणि सांगितलं, माधवअण्णा गेले, पहाटे, झोपेत. मी ऑटो वळवायला लावली. मग पुन्हा सरळ घ्यायला लावली, कारण आधी ऑफिसात सांगायचं की तडक अण्णांच्या घरी जायचं, हेच सुचेना. शेवटी ड्रायव्हरनंच ऑटो बाजूला घेतली आणि पाणी दिलं. याला आता सहा आठवडे झाले. अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही, आणि त्याचं कारण नुसतं दुःख नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अण्णांची ओळख भांडणातून झाली. इंदिरानगरात कॅमेऱ्याचे रोल धुऊन देणारं एक छोटं दुकान आहे. माझा अख्खा रोल कोरा आला होता, मी दुकानदाराला फैलावर घेतलं होतं आणि मधूनमधून मराठीत पुटपुटत होते. शेजारी उभे असलेले सत्तरीचे एक गृहस्थ मराठीतच म्हणाले, की त्या बिचाऱ्यावर कशाला उखडतेस, रोल आत अडकलाच नसणार, दिवसभर तू नुसतं बटण दाबत हिंडलीस. मी निपाणीची. परक्या गावात मराठीतून कान उपटणारं कोणी भेटलं, या आनंदात राग विसरले. त्यांचं घराणं बेंगळुरात कैक पिढ्यांचं. थोडं थांब म्हणायला 'स्वल्प थांब' आणि बरं म्हणायला 'सरी', या कानडीशिवाय त्यांचं मराठी पुढं सरकायचं नाही. रोल चढवला की डाव्या बाजूची चकती फिरते का ते बघायचं, हे त्यांनी तिथं काउंटरवरच मला दोनदा करून दाखवलं.

मग महिन्यातला एक रविवार आमचा ठरला. अण्णा, मी आणि माझ्या ऑफिसातला गिरीश. कॅमेरा अण्णांचा, साधा प्लास्टिकचा. फिरवायला काही नाही, जुळवायला काही नाही, असेल तो उजेड आणि एक बटण. रोल एकच, छत्तीस फोटोंचा. पण अण्णांचा हात इतका सैल की इडली टेबलावर येईपर्यंत वीस फोटो उडालेले. झोपलेलं कुत्रं, न्हाव्याची खुर्ची, कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर… त्यांना सगळंच आवडायचं. म्हणून मी नियम केला, प्रत्येकी बारा. "कॅमेरा माझा आणि रेशन हिचं," असं ते गिरीशला ऐकवायचे, पण पाळायचे. अकराच्या सुमारास त्यांचे बारा संपायचे आणि मग एखाद्या फ्रेमसाठी ते गिरीशच्या मागं लागायचे. गिरीश द्यायचा. मी कधीच दिली नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणण्यात मला मजा यायची. ते म्हणायचे, तुझ्या पायाला भिंगरी आहे हे ठीक, डोळ्यालाही आहे का? मी दोन मिनिटं एका जागी ठरत नाही, यावरून आमचं कायम चालायचं.

शेवटचा रविवार देवनहळ्ळीच्या किल्ल्यातला. दोघांचे फोटो संपले होते, माझा एक उरला होता. कॅमेरा मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते आणि फोनवर परतीची बस शोधत होते. एवढ्यात तटाकडून अण्णा आले. कधी घाई न करणारा माणूस, पण चांगले भरभर आले.

"तुझी ती एक दे गं. आत्ता."

"नाही अण्णा. ती दरवाजासाठी ठेवलीय."

"सरी," म्हणाले आणि परत गेले. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काय दिसलं, एवढंही विचारलं नाही. पुढं ऊन कललं, मी दरवाजाचा फोटो काढला आणि आम्ही बस पकडली. त्यानंतर नऊ दिवसांनी अण्णा गेले. रोल धुऊन आला तो त्यांच्या दहाव्याच्या सुमारास. पस्तीस फोटो होते. छत्तिसावी जागा कोरी. फ्रेम जपायची म्हणून मीच लेन्सला झाकण लावलं होतं आणि काढायला विसरले. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी असते, झाकण असलं तरी तिच्यातून सगळं स्वच्छ दिसतं. मला माझा इतका राग आला की दुकानातच रडू फुटलं.

तेव्हापासून डोक्यात एकच. त्यांना काय हवं होतं? गिरीशला विचारलं, तर तो त्या वेळी बाहेर शहाळं पीत होता. मी एकटी दोनदा देवनहळ्ळीला जाऊन आले. तटावर चढले, उतरले, पुन्हा चढले. एका बाजूला जुन्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मांडव आणि प्लॉटचे दगड. हे असेल, ते असेल, करत नुसती धावत राहिले. आई फोनवर म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेतेस, एक फोटोच ना. हो, एक फोटोच. तेवढासुद्धा माझ्या हातून दिला गेला नाही.

शेवटी सुमतीअक्कांकडं गेले. अण्णांची बायको. त्या कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, अगदी झाकणासकट. वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी हे हसतच घरी आले," अक्का म्हणाल्या. "म्हणाले, पोरीनं फोटो काढू दिला नाही, मग अर्धा तास तिथं बघत उभा राहिलो. बरं झालं, म्हणाले."

"काय बघत?"

त्यांनी काड्या बाजूला केल्या. "मी विचारलं नाही गं. दूध उतू जात होतं."

मी तिथं गेले होते माझं ओझं उतरवायला. अक्कांपाशी तेच ओझं आधीपासून होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, मला ने तिथं.

गेल्या रविवारी गेलो. अण्णा परत गेले ती तटावरची जागा मी अंदाजानं दाखवली. अक्का पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. खाली एक म्हातारा सायकलला टेकून कुणाची तरी वाट बघत होता, मांडवावर ऊन होतं, दोन पोरी घागरी घेऊन भांडत चालल्या होत्या.

"काय दिसतंय, अक्का?"

"सगळंच दिसतंय. यातलं कुठलं म्हणून सांगू?"

मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिले. अर्धा तास केवढा मोठा असतो, मला माहीत नव्हतं.