डॉ. धुरींची खाकी पाकिटं

बातमी मला फोनवरच कळली, पण कुणी फोन करून सांगितली नाही. घाटकोपरला एका फरसाणवाल्याच्या दुकानात त्याच्या ढोकळ्याचे फोटो काढत होते, तेवढ्यात स्क्रीनवर सूचना आली : 'डॉ. धुरी डेंटल क्लिनिकला नवा रिव्ह्यू मिळाला आहे.' पाच स्टार, आणि खाली लिहिलेलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. फार चांगले डॉक्टर होते. दाढ काढली ते कळलंसुद्धा नाही.' मी आधी वैतागलेच. मुलुंडमधल्या आठ-दहा दुकानांची आणि दवाखान्यांची इंटरनेटवरची पानं मी सांभाळते. लोक कुठलं काय कुठे चिकटवतील याचा नेम नसतो, तसंच काहीतरी असेल म्हणून तो काढायची तक्रार करायला निघाले होते. मग तो 'होते' पुन्हा वाचला... फोन सायलेंटवर होता. मुग्धाचे, म्हणजे डॉक्टरांच्या मुलीचे, तीन मिस्ड कॉल पडले होते. सकाळी दवाखान्यात जायला निघाले आणि जिन्यात जे बसले ते उठलेच नाहीत, असं तिने सांगितलं. फरसाणवाल्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे आणखी चौदा रिव्ह्यू आले, सगळे पाच स्टारचे, सगळे श्रद्धांजलीचे. डॉक्टरांच्या पेशंटना दुःख सांगायला तीच जागा सापडली. त्यांना ती जागा मीच दाखवली होती, हे या लेखाचं खरं कारण आहे.

मुलुंड पूर्वेला स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. मी आठवीत असताना आई मला तिथे ओढत घेऊन गेली होती. उजवीकडची खालची दाढ किडली होती. डॉक्टर मूळचे मालवणकडचे, आणि पोर रडायला लागलं की त्यांची मराठी आपोआप तिकडची व्हायची. "भिया नको गो, आ कर," म्हणाले. मी आ केला आणि त्यांच्या बोटाला कडकडून चावले. त्यांनी हात झटकला, बोटाकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, दात मजबूत आहेत हो, काळजी नको." तेव्हापासून रस्त्यात दिसले की ते बोट वर करून दाखवायचे. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती तोंडासकट. भाजी घेताना समोरून कुणी गेलं की हळूच म्हणायचे, "ही देशपांड्यांची सून. वरची डावी सुळ्यामागची भरलीय, सहा महिन्यांनी ये म्हटलं होतं, आली नाही." आणि मग मोठ्यांदा हाक मारायचे. चाळीस वर्षांचे केसपेपर कपाटात होते, पण ते बघायची वेळ त्यांच्यावर क्वचित यायची. कपाटाच्या किल्ल्या नलूताईकडे असायच्या. नलूताई म्हणजे त्यांची पहिल्यापासूनची मदतनीस. दवाखान्यात डॉक्टरांना ओरडू शकणारी ती एकमेव व्यक्ती.

लॉकडाऊन संपल्यावर माझी तीच दाढ पुन्हा ठणकायला लागली म्हणून गेले, तर बाक रिकामा. समोरच्या इमारतीत काचेचा चकचकीत दवाखाना उघडला होता. वर हसऱ्या बाईचा भलामोठा फोटो. नलूताई खिडकीतून त्या बाईकडे सवतीकडे बघावं तशी बघत होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुम्ही फोनवर दिसतच नाही. कुणी जवळचा डेंटिस्ट शोधला तर समोरचा आधी येतो, तुम्ही यादीत कुठेच नाही." त्यांना ते पटेना. "डॉक्टरने जाहिरात करायची नसते, वैशू. दुखलं की माणूस येतो." मी म्हटलं, पूर्वी दुखलं की माणूस शेजारणीला विचारायचा, आता फोनला विचारतो. शेजारीण तुमचं नाव सांगायची, फोनला ते माहीतच नाही. यावर त्यांनी माझ्या दाढेपाशी आरसा धरला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मला तर बोलताच येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, फोनला माझी ओळख करून दे."

पहिल्याच दिवशी कळलं की नकाशावर त्यांचा दवाखाना मागच्या गल्लीतल्या गणिताच्या क्लासवर दाखवत होता. दात धरून माणसं तिथे जात होती आणि मास्तर त्यांना हाकलत होते. ते दुरुस्त केलं. वेळ, पत्ता, फोटो घातले. पेशंटच्या दातांचे आधीचे-नंतरचे फोटो टाकायला मात्र ते अजिबात तयार झाले नाहीत. "दुसऱ्याचं तोंड मी चव्हाट्यावर लावू?" त्याऐवजी छोट्या रील केल्या. पांढरा कोट, हातात प्लॅस्टिकचा जबडा, आणि अस्सल धुरी : "दात काढूक घाई करू नका. आधी दाखवा. माझ्याकडे नको तर दुसऱ्याकडे दाखवा, पण दाखवा." दुसऱ्याकडे दाखवा हे वाक्य मी कापायला निघाले होते, त्यांनी कापू दिलं नाही. ती रील मुलुंडमध्ये इतकी फिरली की माझी जिममधली बाई मला ते वाक्य नक्कल करून म्हणून दाखवायची.

आणि रिव्ह्यूंना उत्तरं! त्यांना टाइप करायचा कंटाळा. एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसायला लागल्यापासून त्या छोट्या फिल्म ठेवायची खाकी पाकिटं गठ्ठ्यांनी पडून होती. प्रत्येक रिव्ह्यूचं उत्तर ते एकेका पाकिटावर लिहायचे आणि फोटो काढून मला पाठवायचे. 'सौ. जाधव, आभार. तुमची अक्कलदाढ आडवी होती, तुम्ही धीराने घेतलंत, तुमचे यजमान मात्र बाहेर चक्कर येऊन पडले. सहा महिन्यांनी दाखवून जा.' मी डोक्याला हात लावायचे. म्हटलं, डॉक्टर, दुसऱ्याचं तोंड चव्हाट्यावर लावायचं नाही ना? मग हे काय आहे? मी दाढा, यजमान, चक्कर सगळं गाळून 'आभार' तेवढं ठेवायचे. ते कुरकुरायचे. "नुसतं आभार म्हटलं तर तिला कळणार कसं, मी तिला ओळखलंय ते?"

आता जे सांगायचंय ते मी दोन वर्षं दवाखान्याबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. समोरच्याचे रिव्ह्यू शेकड्यांनी, आमचे मोजके. यादीत आम्ही वर सरकेना. आमच्या धंद्यात विकतचे रिव्ह्यू सर्रास चालतात, विकणाऱ्याला सांगितलं की आठवड्यात पडतात. मी सांगितलं. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. आठवड्यात तीस पडले. संगीता चौहान, रोहन गुप्ता, आणखी कोण कोण. नम्र स्टाफ, आनंददायी अनुभव, पार्किंगची उत्तम सोय. स्टेशनरीच्या दुकानाबाहेर सायकल लावायला जागा नाही तिथे पार्किंगची सोय! पण आम्ही वर सरकलो, फोन वाजायला लागला आणि मी स्वतःवर खूश होते. फक्त पाकिटांचे फोटो यायचे थांबले होते. मला वाटलं, कामात असतील.

मग एका दुपारी नलूताईने मला बोलावून घेतलं आणि जिन्यातच गाठलं. "वैशू, काय करून ठेवलंयस तू त्यांना? रोज दुपारी कपाट उघडायला लावतात. संगीता चौहान काढ, रोहन गुप्ता काढ. नाहीयेत गं ते कागद. मग माझ्याकडे बघत बसतात." मग तिने पुढचं सांगितलं. आठवडाभर डॉक्टरांनी एकही दाढ काढली नव्हती, येईल त्याला दुसरीकडे पाठवत होते. मुग्धाला अंधेरीला फोन करून सांगितलं होतं की दिवाळीला दवाखाना बंद करतो. डॉक्टरांचे वडील शेवटी शेवटी माणसं विसरले होते, पोटच्या मुलाला गावातल्या सुताराच्या नावाने हाक मारायचे, हे मला पहिल्यांदा त्या जिन्यात कळलं.

वर गेले. ते पेशंटच्या खुर्चीत बसले होते, पुढ्यात तीस खाकी पाकिटं, प्रत्येकावर नुसतं एक नाव, खाली कोरं. "बस गो," म्हणाले. "तीस माणसं, वैशू. यांनी माझं इतकं चांगलं लिहिलंय, आणि मला एकाचंही तोंड आठवत नाही. एकाचंही नाही..." मी म्हटलं, कुणी चुकून लिहिलं असेल. ते म्हणाले, "माणूस दुखल्याचं खोटं सांगेल, बरं वाटल्याचं खोटं कशाला सांगेल?" त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी काय म्हटलं माहितेय? म्हटलं, "होतं असं डॉक्टर, वय झालं की." आणि पर्स उचलून जिना उतरले. आयुष्यात मी बऱ्याच लबाड्या केल्या असतील, पण त्या वाक्याची लाज अजून वाटते. त्यांच्या सगळ्यात मोठ्या भीतीवर मी स्वतःला वाचवायला शिक्का मारून आले होते.

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नलूताई झाडू मारत होती तेव्हाच जाऊन उभी राहिले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ही माणसं नाहीतच. मी विकत आणली. मग त्यांनी एक पाकीट उचललं. "म्हणजे ही संगीता..." "नाही डॉक्टर." "आणि हा पार्किंगवाला?" "तोही नाही." "मी खाली जाऊन बघून आलो गो, आपल्याकडे कुठे पार्किंग आहे ते!" आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले, आणि मग ते हसणं नव्हतंच. नलूताईने झाडू टाकला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नसावं, कारण दोघंही दचकली.

राग त्यानंतर आला. आवाज न चढवता म्हणाले, "माझा हात उत्तम चालतो, नजर चालते, पण आठ दिवस मी माणसाच्या तोंडात हात घालायला घाबरलो. हे तू केलंस. आता सगळे काढायचे, एकूण एक." काढले. त्याला महिना लागला. टाकणं सोपं असतं, काढायला शंभर विनवण्या कराव्या लागतात. आम्ही यादीत पार तळाला गेलो. त्या महिन्यात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, बोटसुद्धा दाखवलं नाही. शेवटचा रिव्ह्यू गेला त्या दिवशी मात्र म्हणाले, "सगळ्या जगाच्या नावाने लिहिलंस. तुझ्या नावाचा एक तरी आहे काय?" नव्हता. "लिहिते," म्हटलं.

नाही लिहिला. दोन वर्षांत कितीदा तरी बसले. 'खूप छान अनुभव' लिहिलं की ती संगीता चौहान आठवायची. 'नम्र, प्रेमळ डॉक्टर' लिहिलं की रोहन गुप्ता. चांगले म्हणून जेवढे शब्द होते ते मी आधीच खोट्याला वापरून टाकले होते. डॉक्टर अधूनमधून विचारायचे, "आला काय गो तुझा?" मी म्हणायचे, येतोय. दरम्यान नलूताई जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला दारात अडवून बजावायची, "फोनवर लिहा, खरं असेल ते लिहा." हळूहळू खरे आले. मुग्धा, तीही डेंटिस्टच, अंधेरीची नोकरी सोडून वडिलांच्या दवाखान्यात आली. डॉक्टर पुन्हा दाढा काढायला लागले. पाकिटांचे फोटो सुरू झाले, आणि मी पुन्हा त्यातले दात गाळायला लागले.

तेरावं झाल्यावर मुग्धाने बोलावलं. पानावरचं नाव बदलायचं की ठेवायचं, फोटोचं काय करायचं, असं बोलायचं होतं. खुर्ची तशीच होती. हातात काय घ्यावं ते कळत नव्हतं म्हणून मी प्लॅस्टिकचा जबडा उघडझाप करत बसले. "नाव राहू दे गं," मुग्धा म्हणाली, "मीही धुरीच आहे." तेवढ्यात नलूताई आतून आली आणि तिने माझ्या पुढ्यात एक खाकी पाकीट ठेवलं. "आरशांच्या ड्रॉवरमध्ये होतं. तुझ्या नावाचं आहे." तेच तिरकं अक्षर. वर लिहिलं होतं : 'वैशूच्या रिव्ह्यूचं उत्तर. (रिव्ह्यू अजून यायचा आहे.)'

मी बाकावर जाऊन बसले, जिथे आई मला धरून बसली होती. आणि दोन वर्षं जमलं नाही ते पाच मिनिटांत लिहिलं. माझ्या नावाने, पूर्ण नावाने. छान, नम्र यातलं काही नाही. एवढंच, की आठवीत असताना मी या डॉक्टरांना चावले होते, आणि मोठी झाल्यावर त्याहून वाईट चावले, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला पुन्हा आ करायला सांगितलं. मग मुग्धाला पाकीट दाखवलं. तिने वाचलं, नाक पुसलं, म्हणाली, "घाल. एक शब्द गाळलास तर बघ."

दवाखान्याच्या खात्यातून मी ते अक्षर न् अक्षर उतरवलं आणि पाठवलं. लगेच हातातला फोन थरथरला : 'डॉ. धुरी डेंटल क्लिनिकने तुमच्या रिव्ह्यूला उत्तर दिलं आहे.' मीच लिहिलं होतं, दोन सेकंदांपूर्वी. तरी ती सूचना मी उघडली, आणि जणू आत्ताच आलंय असं वाचलं...

'वैशू, आभार. उशीर केलास म्हणून उत्तर आधीच लिहून ठेवतोय, नंतर विसरलो तर परत तुझी वाट लागायची. उजवी खालची पहिली दाढ. सिमेंट दोनदा भरलंय, अजून पाच वर्षं जाईल, त्या बाजूने सुपारी फोडू नको. माझं बोट बरं आहे. तुझं तोंड मी कधीच विसरलो नव्हतो. सहा महिन्यांनी दाखवून जा.'