मापून दिलेलं आडसर

"रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर पेशंटमध्ये काय दिसेल?" मी विचारलं.

दीक्षा परब ताठ उभी राहिली आणि सुरू झाली. "मसल वीकनेस, मॅडम. पायापासून सुरू होतो. पल्स स्लो होतो. ईसीजीमध्ये टी वेव्ह उंच दिसते." एकही अडखळ नाही. बाकीच्या मुली कॉटभोवती वह्या धरून उभ्या होत्या. दीक्षाच्या पाठीमागे, कॉटवर, तिचा पेशंट कुशीवर वळायचा प्रयत्न करत होता. त्याला पाय उचलता येईना. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला आणि सामान सरकवावं तसा पाय बाजूला सरकवला.

मी ते बघितलं. दीक्षानं बघितलं नाही, कारण ती माझ्याकडे बघून उत्तर देत होती.

मी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. वर्गात शिकलेलं खऱ्या पेशंटवर लावायला मुलींना वॉर्डात घेऊन येणं, हे माझं काम. प्रत्येक मुलीला एक पेशंट देतो. ती त्याची शुश्रूषा करते आणि आठवड्याअखेर त्याच्या कॉटजवळ उभी राहून सगळ्यांसमोर केस मांडते. याला केस प्रेझेंटेशन म्हणतात. त्याला मार्क असतात, आणि मार्क असले की मुली पेशंटपेक्षा टीचरकडे जास्त बघतात. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. उत्तर गोव्यातलं आहे, इतकं पुरे.

पेशंटचं नाव विश्राम. पेडणे तालुक्यातल्या एका गावचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. वय पन्नाशीच्या आसपास, हातापायांना घट्टे, अंगात काडीइतकी चरबी नाही. बरीच वर्षं ब्लडप्रेशर होतं. गोळी घेतली की माडावर चक्कर येते म्हणून त्यानं गोळीच सोडून दिली होती. मग तोंड सुजलं, दम लागू लागला, आणि इथे आल्यावर कळलं की दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं होतं. मशीनवरून आला की त्याला बरं वाटायचं. घरी जायच्या गोष्टी करायचा.

"प्रेझेंटेशन थांबव," मी म्हटलं. "त्यांची पल्स बघ."

दीक्षानं मनगट धरलं. तिचा चेहरा उतरला. "स्लो आहे, मॅडम. फार स्लो."

"विश्रामबाब, पाय कधीपासून असे झाले?"

"सकाळधरना जड झाल्यात, बाई. माका वाटला, निजून निजून झाले आसतले."

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता. मी हाक मारली तेव्हा तो दुसऱ्या पेशंटच्या रिपोर्टात होता.

"सर, बेड सहा. ईसीजी लगेच हवा. मला पोटॅशियमची शंका आहे."

"कालच तर बरा होता तो."

"काल होता. आज पाय उचलत नाही."

ईसीजी निघाला. पट्टीवर टी वेव्ह तंबूसारख्या टोकदार उभ्या होत्या. डॉक्टरनं कॅल्शियमचं इंजेक्शन मागितलं, रक्त लॅबला पाठवलं आणि डायलिसिस युनिटला फोन लावला.

हे सोपं करून सांगते. पोटॅशियम हा आपल्या जेवणातून येणारा क्षार. हृदयाच्या ठोक्याला तो लागतो, पण मापात. जास्तीचा असेल तो किडनी लघवीतून बाहेर टाकते. किडनीच नसेल तर तो रक्तात साठत जातो आणि एका हद्दीनंतर हृदय थांबतं. कॅल्शियमनं हृदयाला थोडा वेळ सांभाळता येतं. इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम थोडा वेळ पेशींमध्ये लपवता येतं. शरीराबाहेर काढायचं काम मात्र मशीनचं.

लॅबचा आकडा आला. डॉक्टरनं तो दोनदा वाचला. "एवढं कसं? परवाच डायलिसिस झालंय. ह्यानं खाल्लं काय?"

मी विश्रामच्या बायकोकडे वळले. रुक्मिणी तिचं नाव. कॉटच्या पायथ्याशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"रुक्मिणी, ह्यांना घरचं काय दिलंस? केळं? मोसंबी?"

"नाय बाई. डायेटवाल्या बाईन सांगल्यान, फळां देव नकात. एक फोड देवक नाय."

"भाजी, डाळ?"

"हांगाचाच जेवान. मीठ सुद्दा घालूक नाय."

"पाणी किती?"

"एकच बाटली दिसाक. डाक्टर म्हणालो, पाणी कमी दी. मगे मी पाणी दिलंयच नाय. तेवढ्याच मापान आडसराचा दिलंय. इतक्याच पिऊचा, तर बरा तरी पिऊदेत."

आडसर म्हणजे शहाळं.

मी कॉटखाली वाकले. तिथे एक पोतं होतं, आणि त्यात हिरवीगार आडसरं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. पाव आणतील, बिस्किटं आणतील; पण ज्याच्या दारात माड आहे तो आडसर आणणार. विश्रामनं आयुष्यभर अख्ख्या गावाचे माड पाडलेले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आपापल्या माडाचं आडसर घेऊन आला होता. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. जुलाब झालेल्याला म्हणूनच ते देतात. विश्रामला त्याच्या बायकोनं ते रोज दिलं होतं, एक थेंब इकडे तिकडे न सांडता.

मी दीक्षाला बाजूला घेतलं, जनेलापाशी, म्हणजे खिडकीजवळ. मी रागीट म्हणून कॉलेजात ओळखली जाते आणि ते खोटं नाही. पण त्या क्षणी माझा आवाज चढला नाही.

"बाटलीत काय आहे, तुला माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. काकींनी मला विचारलं होतं, बाटलीत आडसराचं घातलं तर चालेल का. मी म्हटलं, माप सांभाळा म्हणजे झालं. मीच बाटलीवर रेघ मारून दिली."

"पोटॅशियम कशाकशात जास्त असतं?"

ती रडू लागली होती. तरी उत्तर आलं. "केळं, संत्रं, टोमॅटो, बटाटा, शहाळ्याचं पाणी."

"मग?"

"मला तसं वाटलंच नाही, मॅडम. आमच्या कारापूरला ताप आला, उलटी झाली, की आई आधी आडसर फोडते. ते आमच्याकडे औषधच. ते यादीतलं असेल असं डोक्यातच आलं नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फक्त इथे वळसा घालायलाही वेळ नव्हता. तिला यादी पाठ होती, आणि आडसर तिला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या होत्या आणि मधलं दार कोणी उघडलं नव्हतं. ते दार उघडायचा पगार मला मिळतो.

विश्रामला डायलिसिस युनिटमध्ये हलवलं. मशीनवरच्या एका पेशंटला लवकर उतरवून जागा केली. टेक्निशियन नळ्या जोडत असताना विश्राम म्हणाला, "रुक्मिणीक सांगा, जेव म्हणान." त्यानंतर मॉनिटरवरची रेघ रुंद होत गेली आणि त्याचं हृदय थांबलं.

आम्ही छाती दाबत राहिलो. डॉक्टर, मी, युनिटची सिस्टर, आळीपाळीनं. दीक्षाही दाबत होती. हात ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, अगदी शिकवलं होतं तसं. बऱ्याच वेळानं डॉक्टरनं तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती थांबली.

प्रिन्सिपल मॅडमना मी फोन केला. सगळं सांगितलं.

"फॅमिलीला काही बोललात?"

"नाही."

"बोलू नका. किडनी फेल्युअरचा पेशंट होता, त्यात तो गेला. हे खोटं नाही."

"नाही, खोटं नाही."

"मुलीला सांभाळा. बाकीचं आपण कॉलेजात बघू."

हॉस्पिटलचं धोरण काय असावं, कॉलेजचं काय असावं, यावर मी भांडू शकले असते. पण खरं सांगायचं तर मलाही रुक्मिणीला सांगायचं नव्हतं. नवरा गेला, आता वर तिच्या डोक्यावर आणखी हे ओझं कशाला? उरलेल्या जन्मात ती त्याचं काय करणार? मी दीक्षाला बजावलं, "तिला यातलं अक्षर कळता कामा नये. नवऱ्याला जमेल तेवढं गोड दिलं, एवढं तरी तिच्यापाशी राहू दे." दीक्षानं मान हलवली.

विश्रामचा भाऊ शववाहिका ठरवायला गेला होता. रुक्मिणी सामान आवरायला वॉर्डात आली. ती रडत नव्हती. टॉवेलाची घडी घातली, चपला पिशवीत टाकल्या. मी आणि दीक्षा मदतीला होतो. मग तिनं कॉटखालचं पोतं ओढलं.

मी म्हटलं, "ते राहू दे. आम्ही बघतो."

"वाया कित्या घालवचा, बाई?" ती म्हणाली, आणि शेजारच्या कॉटकडे वळली.

तिथे दाजी होते. दोडामार्गकडचे, खाणीवर ट्रक चालवून थकलेले. त्यांनाही डायलिसिस. विश्रामची आणि त्यांची चांगली गट्टी जमली होती. त्यांच्या बायकोनं सकाळपासून रुक्मिणीचा हात सोडला नव्हता.

"दाजी, ही आडसरां घेवा. आमच्या गावची आसत. ह्येंका लय आवडायची." तिनं एक फोडलेलं आडसर कोपात, म्हणजे पेल्यात, ओतलं, तिथल्या तिथे, आणि कोप दाजींच्या हातात दिला. मेलेल्या माणसाच्या नावानं कोणी काही देतं तेव्हा नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. दाजींनी कोप कपाळाला लावला आणि तोंडाकडे नेला.

मी शब्द शोधत होते. रुक्मिणी आधी बाहेर जाईल, मग काढून घेऊ, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. एवढ्यात दीक्षानं दोन पावलं टाकली आणि कोपावर हात ठेवला.

"दाजी, नाका. ह्या तुमकां चलना."

रुक्मिणी गोंधळली. "कित्या गो? आडसर कोणाक बाधता?"

दीक्षानं माझ्याकडे बघितलं. तिनं कोप दाजींच्या हातातून काढून लॉकरवर ठेवला आणि हळू सांगितलं, "किडनी गेल्यार चलना, काकी. काळजाक लागता."

वॉर्डात पंखा फिरत होता. रुक्मिणीनं कोपाकडे बघितलं, मग रिकाम्या कॉटकडे.

"ह्येंचीय किडनीच गेल्ली," ती म्हणाली.

दाजींची बायको रडू लागली. रुक्मिणी माझ्याकडे वळली. "बाई, खरां सांगा."

"दुखणं मोठं होतं, रुक्मिणी. किडन्या पूर्ण गेल्या होत्या."

"तां माका म्हायती आसा. मी आडसराचा इचारतंय."

एवढ्या वर्षांत पेशंटच्या नातेवाइकांना किती वेळा अर्धं उत्तर दिलंय, त्याचा हिशेब नाही. त्या दिवशी देता आलं नाही. ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"त्यानं भर पडली," मी म्हटलं.

ती स्टुलावर बसली. दीक्षा तिच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाली, "काकी, चूक माझी. तुमी इचारल्लां तेव्हा मी हय म्हटलां." रुक्मिणीनं तिला शिवी दिली नाही, मारलं नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "तुका ठावक होता?"

"हय."

"मगे पयल्या दिसा कित्या नाय सांगलंस गो बाय?"

भाऊ आला, शववाहिका आली, आणि ती पिशवी घेऊन निघून गेली. पोतं तिथेच राहिलं.

दाजी पुढे सुधारून घरी गेले. अजून आठवड्याला डायलिसिसला येतात. दीक्षाची चौकशी झाली, तिला ताकीद मिळाली आणि वॉर्डाची पोस्टिंग पुन्हा करावी लागली. ती कॉलेज सोडून जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. एकदा तिनं मला विचारलं, "मॅडम, काकी बाहेर जाईपर्यंत मी थांबायला हवं होतं का?"

"तोवर दाजींनी कोप रिकामा केला असता."

"पण मग त्यांना कळलं नसतं."

"नसतं कळलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिनं त्या वॉर्डात पहिल्यांदाच पुस्तकातली गोष्ट माणसाला लावली होती आणि ती बरोबर लावली होती. त्याचे मार्क द्यायला माझ्याकडे रकाना नाही.

आता नवी बॅच आली की मी लक्षणांची यादी शेवटी विचारते. आधी मुलींना कॉटखाली वाकायला लावते, बाटली हुंगायला लावते, नातेवाइकांना काय आणलंत ते विचारायला लावते. मुली आपसांत हसतात. हसू देत. त्यांना मी एवढंच सांगते: "हे चालत नाही" हे वाक्य पहिल्या दिवशी बोललात तर त्याला पथ्य म्हणतात. माणूस गेल्यावर बोललात तर ते त्याच्या बायकोला जन्मभर ऐकू येतं.