देव एकदाच बुडवले

अन्याय माझ्या आत्यावर झाला. १९८८ च्या डिसेंबरात, एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला, उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, मानवशास्त्राच्या सरांच्या टेबलावर झाला. आत्या तेव्हा तिथे नव्हती. ती अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होती. आपल्या तोंडचं बोलणं इकडे लाल पेनानं मारलं जातंय, याची तिला खबरही नव्हती.

शेवटच्या वर्षाला मानवशास्त्र घेतलं की एक शोधनिबंध लिहावा लागे. जवळपासचा एखादा समाज निवडायचा, त्यांच्यात जायचं, विचारायचं, लिहायचं. दोघादोघांनी मिळून. माझ्या जोडीला उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातली एक सिंधी मैत्रीण होती. घरी कापडाचं दुकान, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, आणि डोकं तल्लख. सर मला म्हणाले, "तू बदलापूरची ना, बेलवलीची? मग लांब कशाला जाता? तुमचीच वस्ती करा."

वस्ती करा. जशी भाजी करा.

मी म्हटलं, "सर, तुमची सोसायटी केली तर?"

वर्ग हसला. सरही हसले. "आमच्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. सर दुष्ट नव्हते, फीला अडलेल्या पोरांचे अर्ज स्वतः लिहून देत. म्हणूनच मला जास्त राग येतो. दुष्टाशी भांडायला सोपं असतं.

रविवारी मैत्रीण सरांची प्रश्नावली घेऊन आमच्या घरी आली. आत्या आमच्याकडेच राहायची. तिनं चहा टाकला, पदर खोचला आणि पाटावर बसली, मुलाखत म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात.

"आत्या, आपका कुलदैवत कुठलं?"

"नदीत."

"मतलब?"

"मतलब नदीत हाय. मीच नेऊन टाकलं."

मैत्रिणीचं पेन थांबलं. मग आत्यानं सांगितलं ते असं. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आजीनं देव्हाऱ्यातले सगळे टाक, म्हणजे देवांचे ठसे उमटवलेले ते छोटे पत्रे, लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि गाठोडं तिच्या हातात दिलं. दोघी नदीवर गेल्या. "पानी ह्ये गार. मी गुडघ्यापोत गेले. आई काठावरनं म्हनते, अजून फुडं. कमरेएवढ्या पान्यात सोडलं. बुडबुडं आलं थोडं. मंग घरी आलो. देवाची फली रिकामी दिसायला लागली तं आईनं तिथं मिठाची बरनी ठेवली."

"डर नाही लागला?"

"लागला ना! सगल्यांनाच. कोन बोलत नव्हतं. देवी कोपली तं पहिला ताप येतो म्हनायचे. सकाली उठलो ना बाय, तं आईनं माझ्या कपालाला हात लावला, मी भावाच्या, भावानं आईच्या. असं सगल्यांनी सगल्यांचं कपाल बघितलं." आत्या थांबली. "कोनाला ताप नव्हता. मंग आई हसली. त्याच्याआधी ती कदी तशी हसलेली मला आठवत नाय."

चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

जाताना आत्यानं मैत्रिणीचा हात धरला. "लिवलंस का मला वाचून दाखवायचं. आमचं बोलनं फुकट घिऊन जायचं नाय." मैत्रीण म्हणाली, "प्रॉमिस, आत्या."

आम्ही ते जसंच्या तसं लिहिलं, कपाळाला लावलेल्या हातांसकट. मंगळवारी सरांनी ते पान काढलं आणि लाल पेन चालवलं. पूर्ण परिच्छेद आडवा मारला, समासात लिहिलं, 'भावनिक, गाळा'. वरती आपल्या अक्षरात नवं वाक्य घातलं: या समाजात घरातील देवतांचे नदीत विसर्जन करण्याची प्रथा आढळते.

मला खुर्चीत बसवेना. मी म्हटलं, "सर, ही प्रथा नाही. हे एकदाच झालं."

"एका घरात झालं की अनेक घरांत?"

"अनेक."

"मग झाली ना प्रथा!"

"सर, त्यांनी ते ठरवून केलं. एकदा केलं आणि संपवलं. प्रथा मोडली त्यांनी. तुम्ही मोडण्यालाच प्रथा म्हणताय."

"हे बघ," सर शांतपणे म्हणाले, "तुला पत्रकं लिहायची सवय आहे. हे पत्रक नाही. शास्त्राला किस्सा नको असतो, समाजाची रीत हवी असते."

पत्रकं मी लिहायचेच. चामटोलीच्या रस्त्यासाठी लिहिलं होतं, नळाच्या पाण्यासाठी लिहिलं होतं. पण पत्रकातसुद्धा न झालेली गोष्ट झाली म्हणून छापली असती तर आमच्या संघटनेच्या पोरांनी मला कार्यालयात उभं राहू दिलं नसतं.

तेव्हा मैत्रीण बोलली. "सर, मेरे दादाजी सिंधमध्ये घराला कुलूप लावून आले. फाळणीत. चाबी अजून आमच्याकडे आहे. मग आमच्यावर निबंध लिहिला तर काय लिहायचं? घराला ताला लावून निघून जायची सिंधी लोकांत प्रथा आढळते?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो मुद्दा वेगळा," ते म्हणाले.

घंटा झाली.

निबंध कॅम्पातल्या टायपिंगच्या क्लासमध्ये टाइप झाला, सरांच्या वाक्यासकट. सरांनी टाइपवाल्याकडे स्वतः पानं दिली. आंतरमहाविद्यालयीन परिसंवादात तो वाचला गेला. वाचायला मी उभी राहिले नाही, मैत्रीणही राहिली नाही. दुसऱ्याच एका मुलानं वाचला. टाळ्या पडल्या. 'निरीक्षण बारीक आहे' असा शेरा मिळाला. मी मागच्या रांगेत नखं खात बसले होते.

पण आत्याला शब्द दिला होता. एका संध्याकाळी टाइप केलेली प्रत घेऊन आम्ही दोघी तिच्यापुढे बसलो. ते वाक्य आल्यावर मी थांबले. आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

ती खो खो हसली. "दरसाल बुडवतो व्हय आमी? मंग दरसाल बुडवायला देव आनायचे कुटनं? भाड्यानं?"

मैत्रीणही हसली, मीही. मग आत्यानं पानावर बोट ठेवलं. "आनि त्यो कपालाला हात लावलेला? त्ये कुटं हाय?"

"ते गाळलं, आत्या."

"त्ये गालल्यावर राह्यलं काय गं?" तिनं विचारलं, "पुसता येतं का त्ये?"

मी सरांकडे गेले. पुन्हा गेले. ते म्हणाले, प्रती सगळ्या कॉलेजांना गेल्या, आता पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगू दुरुस्त करायला.

पुढच्या वर्षीची मुलं खरंच आली. मी घरीच होते. तीन जण, गळ्यात कॅमेरा, हातात आमच्याच निबंधाची प्रत. त्यातला एक जण दारातूनच अदबीनं म्हणाला, "मावशी, यंदाचं विसर्जन कधी आहे? आम्हाला फोटो हवेत."

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं."

"कधी?"

"छप्पन साली."

"आणि पुढचं?"

"फुडचं नाय."

पोरं गोंधळली. एकानं प्रत उघडून ते वाक्य आत्यालाच दाखवलं, चूक तिची असल्यासारखं. तिनं ते पान हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं. रागानं नाही बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला झोप लागली असती. मी त्या मुलांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण त्यांच्या निबंधात काय आलं ते मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या कपाटातून काढून पाहिलंय. 'विसर्जनाची प्रथा अलीकडे लोप पावत चालली आहे.'

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आत्या कारखान्यातून रिटायर झाली. मैत्रीण लग्न होऊन गेली, तरी फोनवर पहिला प्रश्न हाच करते, "ते वाक्य गेलं की नाही?" गेलं नाही. तीन वेळा अर्ज दिले, लायब्ररीत उभी राहिले, सरांशी भांडले, सरांच्या जागी आलेल्या बाईंशी भांडले. आत्या आता विचारत नाही. हे मला जास्त टोचतं.

तर मागणी तुमच्याकडे आहे. तुम्ही इथल्या कुठल्याही कॉलेजात शिकत असाल, शिकवत असाल, आणि आमचा निबंध किंवा त्यावरून उतरवलेला निबंध तुमच्या कपाटात असेल, तर आज तो काढा. ते वाक्य खोडा. पेन्सिलीनं नको, पेनानं. आणि समासात लिहा: एकदाच, छप्पन साली, ठरवून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही ताप नव्हता.