बंपरमागचा सेन्सर

मिस्त्रीला राग येतो, असं म्हणणं चूक होतं. राग त्याच्याकडे मुक्कामालाच होता. अधूनमधून तेवढा बाहेर फिरून यायचा. पाना निसटला की पान्याला शिव्या, बोल्ट गंजला की तो घडवणाऱ्याच्या सात पिढ्यांना. पाठीमागे सगळे त्याला जमदग्नी म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तरी गिऱ्हाइकं यायची, कारण हाताला गुण होता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा.

त्या दिवशी गॅरेज उघडलं, तर समोर मुलीची गाडी उभी. मुलगी टेकडीवरच्या इस्पितळात नर्स होती. लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रोज तो उभा चढ चढून कामाला जायची.

"ही इथे कशी?" मिस्त्रीने विचारलं.

धाकटा भाऊ प्लग पुसत होता. गॅरेज दोघांचं होतं. मान वर न करता तो म्हणाला, "काल ओढून आणली. तू सामान आणायला गेला होतास. जरा खडखडतेय."

मिस्त्रीने गाडी सुरू करून रेस दिली. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. "जरा?" तो ओरडला. "याला जरा म्हणतात?"

त्याने बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यावर आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो जागेवर नव्हताच. भोकाला रबरी बूच मारलं होतं आणि वायर वाढवून पुढे नेली होती. सेन्सर बंपरमागे वाऱ्यात लटकत होता. वायरीवर काळी पट्टी अर्धी अर्धी चढवत गुंडाळलेली, शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, म्हणजे पुढच्याला नखाने सोडवता यावी. अख्ख्या गावात अशी पट्टी दोनच माणसं गुंडाळत. एक मिस्त्री, आणि दुसऱ्याला त्यानेच शिकवलं होतं.

"अरे शहाण्या! हे तुझे उद्योग?"

"चढावर ओढत नव्हती दादा. सेन्सर हवा गरम दाखवायचा, म्हणून गाडीतला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकायचा. सेन्सर पुढे थंड वाऱ्यात नेला. हल्ली सगळे करतात."

"सगळे शेण खातात म्हणून तूही खाणार? ताप आलेल्या पोराच्या काखेतला थर्मामीटर काढून गार पाण्यात बुडवलास, तर पोराचा ताप उतरला का रे गाढवा? इंजिन अजून गरम हवाच ओढतंय. कॉम्प्युटरला वाटतंय थंडगार आली, म्हणून तो ठिणगी आधी टाकतोय. मग इंजिन खडखडणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

"पण गर्दीत गाडी उभी राहिली की सेन्सर स्वतःच तापतो. तेव्हा तो खोटंच सांगतो ना?"

"तापतो, कबूल. गाडी पळाली की निवतो. तेवढ्यासाठी हा उपद्व्याप? आणि हलवायचाच तर इंजिनात जाणाऱ्या हवेत ठेवायचा. बाहेर तोरणासारखा टांगायचा नाही!"

बोलता बोलता त्याची बोटं डब्याकडे जाणाऱ्या रबरी पाइपवरून फिरत होती. खालच्या बाजूला ती थांबली. पाइप वीतभर फाटला होता.

"हे बघ! बॉनेटखालची सगळी भट्टी इथून आत जातेय. सेन्सर बिचारा खरं बोलत होता, तर तुम्ही त्यालाच घराबाहेर काढलंत! पाइप बदलला असता की काम झालं होतं. गाडी माझ्याकडे का नाही दिलीस?"

भाऊ पुन्हा प्लग पुसायला लागला. मग म्हणाला, "तिनेच सांगितलं होतं. काका, बाबांना कळू देऊ नका."

ते ऐकून तर मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारपर्यंत त्याने पाइप बदलला, सेन्सर मूळ जागी बसवला आणि प्रत्येक बोल्ट आवळताना लेकीला काय काय सुनावायचं ते घोकून ठेवलं. ती कामाच्या कपड्यांतच आली. तिला बस म्हणायच्या आधीच याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बापाचं गॅरेज असताना चोरून कामं करून घेतेस, इंजिनाची वाट लावतेस, कॉम्प्युटरला फसवून चढ चढता येतो का, अक्कल गहाण टाकलीस का! ती खाली मान घालून सगळं ऐकत होती. काकाने मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यालाही दोन शिव्या मिळाल्या.

मिस्त्री दम घ्यायला थांबला, तेव्हा ती म्हणाली, "काल चढावर बंद पडली. मागून ट्रक येत होता. मी हॅन्डब्रेक ओढून बसले. शेवटी काकांना बोलावलं."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याला बोलायची रीत एकच ठाऊक. "मग बापाला फोन करायला काय झालं होतं? बाप मेलाय का तुझा?"

"आधी तुम्हालाच लावला होता. रिंग जायच्या आत कापला."

"का?"

"भीती वाटली."

"अगं, ट्रक अंगावर येतोय म्हटल्यावर कुणालाही भीती वाटणारच..."

"ट्रकची नाही, बाबा. तुमची."