तीन मुठी मीठ

"दोनच गोष्टी सांगा, मावशी. कशात किती, आणि किती गरम?"

मास्तर कशावरही हेच विचारायचा. चहा पांचट झाला तरी हेच. माझ्या शेजारी कमळी बसते. तिचं सुनेशी वाजलं, त्या दिवशीही त्याने हेच विचारलं. कमळी म्हणाली, "सून पाव किलो, सासू दीड मण, आणि दोघी उकळत्या. आता सांग." मास्तर हसला नाही. विचार करून म्हणाला, "मग सगळं पातळच असणार."

भांडुपच्या बाजारात मी लग्न झाल्यापासून मासे विकते. शाळा चौथीपर्यंत. आम्ही कोळणी कोणाला अहो-जाहो करत नाही, म्हणून त्यालाही अरे-तुरेच. तो मास्तर नव्हताच. शिसं आणि कथील वितळवून सांध्यांना डाग द्यायची तार बनवतात, त्या कारखान्यातून तो निवृत्त झाला होता. समजावत बसायची खोड, म्हणून आम्ही मास्तर म्हणायचो.

पहिल्या दिवशी आला तो भाव विचारायच्या आधी माझ्या खोक्याचं झाकण उचलून. खिशातून पेनासारखी एक सळई काढली, तिच्या डोक्यावर छोटं घड्याळ. ती बर्फात खुपसली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"घ्यायचं तर घे," मी म्हटलं, "नाहीतर झाकण ठेव."

"बर्फात मीठ घालता ना? किती?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? हल्ली मोबाइलवरून मासे विकणाऱ्या कंपन्या आल्यात. त्यांची माणसं येतात, गोड बोलतात, फोटो काढतात. मीठ किती घालायचं ते मला सासूने शिकवलं, तेही सहा वर्षं राबवून घेतल्यावर. खोक्याला पाच मुठी. मी म्हटलं, "तीन."

त्याने सळईवरच्या काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तीन लिहिलं. पाव किलो बोंबील घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर. परत सळई, परत "किती?" परत "तीन." रोज पाव किलो बोंबील खाणाऱ्या माणसाचा संशय येणार नाही तर काय?

एकदा त्याने चहावाल्याच्या शेगडीवर फुटका तवा ठेवला. माझ्या नवऱ्याच्या जुन्या जाळ्याची शिशाची गोळी मागून घेतली, तिच्या बाजूला आपली तार ठेवली. तार वितळून चकचकीत थेंब झाला. शिसं तसंच बसून.

"तारेतही शिसं आहे, मावशी. कथलात मिसळलंय. दोघं एकेकटे हट्टी. ठरावीक मापात एकत्र आले की दोघांच्याही आधी वितळतात."

"माझ्या लग्नात असं काही झालं नाही," मी म्हटलं. "तारेत काहीतरी घातलंयस तू."

उरलेली तार मी मागून घेतली. मुलुंडच्या एका कल्हईवाल्याकडून कथलाचा तुकडा आणला आणि घरी टाकाऊ तव्यावर तिन्ही ठेवली. आधी तार गेली, मग कथील, शिसं सगळ्यात शेवटी. माझा माणसावर विश्वास नसतो, तव्यावर असतो.

मग मीच त्याला म्हटलं, आता दाखव तुझी वही. त्यात हिशेब नव्हता, नकाशा होता. दोन बाजूंनी दोन उतार खाली येतात आणि मध्ये खिंडीत मिळतात. आडवं चालायचं ते कशात किती मिसळलं त्याचं, उभं चढायचं ते किती गरम त्याचं. दोन्ही ठाऊक असलं की बोट ठेवायचं. उतारांच्या वर बोट पडलं तर सगळं पातळ. खिंडीच्या खाली पडलं तर सगळं घट्ट. मधे पडलं तर पेजेसारखं, थोडं शीत, थोडं पाणी.

"मीठ-पाण्याचाही असाच असतो," म्हणत त्याने माझ्या खोक्याच्या झाकणावर आतून पेन्सिलीने तो काढला. "तुम्ही या उतारावर उभ्या असता रोज. खिंडीपर्यंत जायचं नाही. मासा दगड होतो."

मी म्हटलं, "झाकण खराब केलंस."

त्या वर्षी गावातल्या एका लग्नाच्या हळदीच्या जेवणाचे पापलेट माझ्याकडे होते. तीस मोठे पापलेट, आदल्या सकाळी आणलेले, दुसऱ्या संध्याकाळी द्यायचे. नेमकं बर्फाच्या कारखान्याचं मशीन बंद पडलं आणि बर्फ आला निम्मा. हळदीच्या घरी वास मारणारा मासा गेला, तर कोळणीला गावात तोंड राहत नाही. माझ्या सासूने एकीचा बाजारातला ओटा यावरून उठलेला पाहिला होता. मी घाबरले. बर्फ कमी, तर मीठ जास्त, म्हणून घातलं वर मूठमूठ.

सकाळी मास्तर आला, झाकण उचललं. खाली पाणीच पाणी, आणि कडेचे पापलेट लाकडासारखे. त्याने सळई घातली. काटा बघून त्याचा चेहरा उतरला.

"किती घातलंत?"

"तीन."

"मावशी, तीन मुठींत काटा इथे येत नाही."

"तुझा काटा बिघडला असेल."

"काटा बरोबर आहे. खिंडीकडे निघालाय तुमचा खोका. मीठ वाढवलंत म्हणून बर्फ भराभर वितळला. आता साधा बर्फ घालून परत वर आणायचं. पण किती घालायचा ते कशावरून काढू? खरं सांगा."

कमळी कान देऊन बसली होती. मी पापलेटांकडे बघितलं. सासू आठवली. तरी हळूच म्हटलं, "अकरा."

"आणि रोज?"

"पाच."

"ते माहीत होतं," मास्तर म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"धंदा तुमचा, आकडा तुमचा. बर्फ खरं सांगत होता, मला तेवढं पुरे."

मग तो रसवंतीवाल्यांकडे गेला. तीन रसवंत्यांकडून गोणपाटात बर्फ घेऊन आला, स्वतः, धापा टाकत. खारं पाणी ओतून टाकलं, साधा बर्फ थरांनी भरला, दर थोड्या वेळाने काटा बघितला. अठ्ठावीस पापलेट वाचले. उरलेल्या दोन पापलेटांचे डोळे पांढरे झाले होते, ते मी घरी नेले. हळदीच्या घरून निरोप आला, मासा ताजा होता. मी मास्तरला एक पापलेट देऊ केला. नको म्हणाला, बोंबीलच द्या.

त्यानंतरही तो रोज विचारायचा, "किती?" मी रोज सांगायचे, "तीन." तो मान डोलवून लिहायचा. सवयच पडली होती दोघांना.

एके दिवशी सळई खोक्यातच ठेवून गेला. म्हणाला, उद्या घेतो. मला वाटलं, पाळत ठेवायला ठेवली असेल. उद्या आला नाही, परवा नाही. पंधरा दिवसांनी एक बाई आली, त्याची सून. म्हणाली, बाबा गेले, झोपेतच. सळई परत द्यायला मी खोका उघडला, तर म्हणाली, राहू द्या. पिशवीतून त्याची वही काढून एक पान उघडलं. वर लिहिलं होतं, भांडुप, मावशी. खाली ओळीच्या ओळी, सगळ्या सारख्या. सांगितले तीन, असावे पाच. सांगितले तीन, असावे पाच. मधेच एक ओळ वेगळी. सांगितले अकरा, बरोबर.

वही तिची होती, ती घेऊन गेली. मी मागितली नाही.

झाकणावरचा नकाशा पाण्याने पुसट झालाय. काटा अजून चालतो. कमळी अधूनमधून विचारते, "किती मुठी गं?" मी तीनच सांगते. खोटं पकडणारा आता बाजारात कोणी नाही.